डेडलँड्स: फुटून निघालेली दक्षिण ठेवायची की काढायची?

वीसपैलू:
डेडलँड्स हा जुन्या अमेरिकन वेस्टमधल्या भुताखेतांचा रोल-प्लेइंग खेळ, खेळाडू पात्रं घेऊन कथा खेळतात असा. त्याच्या १९९६ च्या मूळ आवृत्तीवर कॅम्पेन, म्हणजे अनेक सेशनची (बैठकांची) सलग कथा, बेततो आहे. खेळाचं वर्ष १८७६, पाच खेळाडू. त्या आवृत्तीत अमेरिकेच्या यादवी युद्धात, जुलै १८६३ मध्ये गेटिसबर्गच्या रणात मेलेले उठतात, युद्ध रखडतं, अमेरिकेतून फुटलेल्या दक्षिणेकडच्या राज्यांचा वेगळा देश टिकतो आणि तो गुलामगिरी आपणहून बंद करतो. एकाला दक्षिणेच्या फौजेतला माजी सैनिक हवा आहे, एकीला गुलामीतून सुटलेली बाई. सेटिंग (खेळाचं जग) जशीच्या तशी ठेवली तर त्या बाईच्या पात्राला धरायला काही उरतच नाही. कात्री नेमकी कुठे लावू?

दप्तरखाना:
‘आपणहून बंद करतो’ इथेच लावा. मेलेले उठले हे खेळाडू मान्य करतात, कारण तो खेळाचा करार आहे. हे मात्र युद्धाचं कारणच पुसून टाकणं आहे.

फुटणाऱ्या राज्यांनी कारणं लिहून ठेवली आहेत. साउथ कॅरोलायना २० डिसेंबर १८६० ला फुटलं. त्याच्या जाहीरनाम्यातली मोठी तक्रार अशी की पळून गेलेले गुलाम उत्तरेतली राज्यं परत करत नाहीत, त्यासाठी स्वतःचे वेगळे कायदे करतात. म्हणजे उत्तरेच्या राज्यांनी आपले हक्क वापरले याचाच राग! टेबलावर कोणी ‘लढाई राज्यांच्या हक्कांची होती’ म्हणालं की हाच कागद हँडआउट म्हणून पुढे ठेवा. मिसिसिपीचा जाहीरनामा तर दुसऱ्याच वाक्यात गुलामगिरीवर येतो.

पुढे मार्च १८६१ ची फुटलेल्या राज्यांची राज्यघटना. कलम १, विभाग ९: गुलामांवरची मालकी नाकारणारा कायदा करता येणार नाही. त्यांच्या काँग्रेसला, म्हणजे संसदेला, मनात आलं असतं तरी साध्या कायद्याने गुलामगिरी बंद करता आली नसती. १८६० च्या जनगणनेत देशभर साडेएकोणचाळीस लाख माणसं गुलाम म्हणून नोंदली आहेत, आणि साउथ कॅरोलायना व मिसिसिपीत तर निम्म्याहून जास्त लोकसंख्या गुलाम होती. पार बुडायची वेळ आल्यावर, १३ मार्च १८६५ ला, काळ्या लोकांना फौजेत घ्यायचा कायदा झाला. त्या कायद्यातही स्वातंत्र्याचं वचन नाही.

प्रकाशकांनी स्वतःच नव्या आवृत्तीत तो देश काढून टाकला आहे. तुम्हीही काढा, युद्ध १८६५ ला संपवा. भुतं, घोस्ट रॉक (खेळातलं कल्पित इंधन), भूकंपाने मोडलेला कॅलिफोर्निया यातल्या कशालाच धक्का लागत नाही.

नकाशावाली:
दप्तरखाना यांच्याशी सहमत. आपल्याकडचा एक धागाही जोडते. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, तिथल्या गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी त्यांनी केलेल्या स्वार्थत्यागाबद्दल. तुमच्या खेळाच्या जेमतेम तीन वर्षं आधी. दक्षिणेने आपणहून सोडून दिलं असेल तर जोतीराव आभार कोणाचे मानतायत?

आता १८७६ चं काय करायचं. युद्ध संपलं म्हणजे ताण संपला, अशी चूक बऱ्याच कॅम्पेनमध्ये होते. त्याच वर्षी जुलैत साउथ कॅरोलायनातल्या हॅम्बर्ग गावात काळ्या मिलिशियाच्या (नागरी स्वयंसेवक दलाच्या) माणसांना पकडून मारलं गेलं, नोव्हेंबरात निवडणूक, आणि १८७७ मध्ये दक्षिणेतल्या राज्य सरकारांच्या पाठीशी उभी असलेली केंद्राची फौज मागे घेतली गेली. हे तुमचं घड्याळ, म्हणजे संकट किती जवळ आलं ते दाखवणारी खूण. सहा घरांचं चक्र काढा, दर दोन सेशनना एक घर भरा, खेळाडूंनी काही रोखलं तर एक पुसा.

सुटका झालेली माणसं नुसती वाचवायची म्हणून ठेवू नका. रॉबर्ट स्मॉल्स घ्या. गुलाम असताना १३ मे १८६२ च्या पहाटे त्याने चार्ल्सटन बंदरातून ‘प्लँटर’ ही आगबोट पळवली. कप्तानाची टोपी घालून, किल्ल्यांपाशी बरोबर शिट्ट्या वाजवत. १८७६ मध्ये तो अमेरिकेच्या काँग्रेसचा सदस्य आहे. खेळाडूंच्या टोळीला काम देणारा एनपीसी (खेळ चालवणाऱ्याच्या हातातलं पात्र) म्हणून याहून चांगला कोण मिळणार!

वीसपैलू:
पटलं. सुटलेल्या बाईच्या पात्राला पहिल्या सेशनला काय देऊ? आणि माजी सैनिक?

नकाशावाली:
तिला वर्तमानपत्रातलं कात्रण द्या. सुटका झाल्यावर लोक विकल्या गेलेल्या नातलगांसाठी जाहिराती देत. आईचं पहिलं नाव, तेव्हाच्या मालकाचं आडनाव, कोणत्या गावी कोणाला विकलं, ताटातूट झाली तेव्हा वय किती, उत्तर कोणत्या चर्चच्या पत्त्यावर पाठवायचं. आठ-दहा ओळी पुरतात.

इथे एक गोष्ट हमखास फसते: जीएम (खेळ चालवणारा) आडनावावर शोध बांधतो. मालक बदलला की आडनाव बदलायचं, सुटकेनंतर अनेकांनी स्वतःच नवं घेतलं. म्हणून माग पहिल्या नावाचा, विक्रीच्या साखळीचा आणि गावाचा ठेवा. प्रत्येक टप्प्यावर तीन दुवे, आणि एकही फाशांवर अडवू नका. फासे फक्त किती वेळ लागला, कोणाला सुगावा लागला, यासाठी.

दप्तरखाना:
माजी सैनिकाला पात्र मंजूर करण्याआधी तीन उत्तरं लिहून मागा: कोणत्या राज्याची पलटण, घरात गुलाम होते का, एप्रिल १८६५ नंतर काय केलं. ‘मी फक्त घरासाठी लढलो’ एवढंच आलं तर परत पाठवा, दुसरा प्रश्न त्यासाठीच आहे. उत्तर ‘होते’ असेल तर त्यातल्या एकाचं नाव लिहून घ्या. तो माणूस तिसऱ्या-चौथ्या सेशनला समोर येऊ द्या, स्वतःचं काम घेऊन, माफी द्यायला नव्हे.

सेशन झिरोला, म्हणजे खेळाआधीच्या ठरवाठरवीच्या बैठकीत, ‘रेषा’ आणि ‘पडदा’ वेगळे लिहा. लैंगिक अत्याचार रेषेपलीकडे, म्हणजे टेबलावर कधीच नाही. फटके आणि माणसांचा लिलाव पडद्यामागे: घडलं एवढं कळतं, वर्णन होत नाही. एक्स-कार्ड, म्हणजे नकोसं काही आलं की बोट ठेवून ते थांबवायचं कार्ड, मधोमध ठेवा. काळ्या पात्राला दर दुकानात, दर सलूनमध्ये अडवत बसू नका, त्या खेळाडूचा अर्धा वेळ अपमान ऐकण्यात जातो. सेशनला फार तर एकदा, आणि तेही ज्यातून कथेला फाटा फुटतो अशाच ठिकाणी.

टेबलावरच्या कोणाकडून जातीच्या अनुभवाची तुलना मागू नका. त्यांनी आपणहून आणली तर ऐका, खेळ थांबवावा लागला तरी चालेल.