विमान रद्द, कारण ‘ऑपरेशनल’, भरपाई शून्य. हे पटतं का तुम्हाला?

सोनेगावचा_भाऊ
मागच्या महिन्यात नागपूर-पुणे रात्रीचं विमान होतं, सकाळी भाचीचा साखरपुडा. सात वाजता सोनेगाव विमानतळावर पोचलो तर बोर्डावर रद्द. काउंटरवरच्या पोरीनं हातात एक समोसा आन् फ्रूटी ठेवली, म्हणे उद्या दुपारचं घ्या नाहीतर रिफंड. कारण विचारलं तर ऑपरेशनल रीझन. आभाळ स्वच्छ, दुसऱ्या कंपनीचं विमान माझ्या डोळ्यासमोर पुण्याला उडालं. शेवटी ट्रॅव्हल्स पकडली, पोचलो तेव्हा पेढे वाटून झाले होते.

डीजीसीएचा, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याचा, नियम वाचला. दोन आठवडे आधी कळवलं तर ते सुटले, नाहीतर निदान 24 तास आधी सांगून जवळपासच्या वेळेचं विमान द्यायचं, तेही नाही केलं तर रिफंड आन् वर भरपाई. एक ते दोन तासांच्या फ्लाइटला 7,500 किंवा बेसिक भाडं अधिक फ्युएल चार्ज, जे कमी असेल ते! माझं भाडं 3,100, म्हणजे फार तर तेवढेच, आन् तेही नाकारले, ‘आमच्या हाताबाहेरचं कारण’ म्हणून. रक्कम गेली खड्ड्यात, पण हाताबाहेरचं म्हणजे काय ते त्यांनी कागदावर दाखवायला नको का?

रॅम्पवाला
अकरा वर्षं ग्राउंड हँडलिंग (विमान जमिनीवर असतानाची सगळी कामं) केलंय, थोडी दुसरी बाजू ऐका. एकच विमान दिवसात सहा-सात फेऱ्या मारतं, सकाळी दिल्लीत धुकं पडलं की संध्याकाळपर्यंत सगळं घसरत जातं आणि रात्री पायलटचे ड्युटीचे तास संपतात. तुमच्याकडे आभाळ स्वच्छ असून उपयोग नाही. थकलेला पायलट चालेल का? आणि रद्द केल्यावर जबर भरपाई लावली ना, तर कंपनी रद्दच करणार नाही, पाच तास लेट दाखवून बसवून ठेवेल, कारण लेटला आपल्याकडे रोख भरपाई नाही.

सोनेगावचा_भाऊ
दादा, हेच दोन ओळींत लिहून द्या ना मग. मी कुठं पायलटला झोपू नको म्हणतोय?

फ्रँकफर्टची_मावशी
इकडे युरोपात विमान रद्द झालं की अंतराप्रमाणे 250, 400 नाहीतर 600 युरो भरपाई, तिकीट तीस युरोचं असलं तरी. विमानात बिघाड झाला ही सबब सहसा चालत नाही, स्वतःच्याच पायलटांचा संप असला तरी कोर्टाने भरपाई द्यायला लावलीये. आपल्या नियमात संप सरळ हाताबाहेरच्या यादीत! पण फार हुरळू नका, इथेही पहिलं उत्तर नाहीच येतं, मग वसुली करून देणारे चांगला हिस्सा कापतात. आणि मुंबईहून इकडे येताना भारतीय कंपनीचं विमान असेल तर हा कायदा लागूच नाही.

लालपरी_प्रेमी
काय ते लाड! एसटी घाटात बंद पडली की आम्ही कोणाकडे युरो मागायचे?

कायद्याचं_बोला
@लालपरी_प्रेमी, कंडक्टर त्याच तिकिटावर मागच्या गाडीत बसवून देतो, विमानवाल्यांनी तेवढं केलं असतं तर धागाच निघाला नसता.
बाकी भाऊ, 2021 मध्ये सुप्रीम कोर्टानं रेल्वेला हेच सुनावलंय. गाडी चार तास लेट, प्रवाशाचं जम्मूहून श्रीनगरचं विमान चुकलं, 30,000 द्यायला लावले. उशीर का झाला आणि तो हाताबाहेरचा होता हे रेल्वेनंच सिद्ध करायचं. ग्राहक आयोगात आपल्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत फी नाही.

रॅम्पवाला
गाडी 2016 ची, निकाल 2021 चा. 3,100 साठी पाच वर्षं? घाला खेटे.

कायद्याचं_बोला
लोक खेटे घालत नाहीत हे कंपनीला पक्कं माहितीये, त्यावरच तर चाललंय सगळं.

तिकीटवाले_काका
एक विचारू का, बुकिंगमध्ये मोबाइल नंबर कोणाचा होता? एजंट लोक स्वतःचाच टाकतात (मीही टाकायचो, खोटं कशाला बोलू). प्रवाशाचा नंबर नीट दिलेला नसेल तर भरपाई नाही असं नियमातच आहे.

सोनेगावचा_भाऊ
काका, आत्ता बघितलं. नंबर एजंटचाच. त्याला फोन केला तर म्हणतो मेसेज दुपारी दोनलाच आला होता, मी जेवायला गेलतो, राहून गेलं!! दोन महिन्यांचा शेजारी आहे बाप्पा, काय बोलू त्याले.

रॅम्पवाला
दुपारी दोन म्हणजे पण 24 तास आधी नाहीच, नंबरवरून अडवतील ते वेगळं. मेसेजचा स्क्रीनशॉट मागव आधी, कारण काय लिहिलंय बघ.

सोनेगावचा_भाऊ
आला स्क्रीनशॉट. त्यात ‘खराब हवामानामुळे’ लिहिलंय. काउंटरवर ऑपरेशनल, मेसेजात हवामान.

रॅम्पवाला
आता मात्र मला पण बोलता येत नाहीये. टाक तक्रार, दोन्ही जोड.