बँकेच्या पेमेंट गॅरंटीतली अट काढून घेऊ का? जागा तारण आहे आणि बहिणीचा दावा चालू आहे (सोलापूर)

टॉवेल_पूर्वभाग
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे पण पूर्ण वाचा, डोकं चालेना झालंय. अशोक चौकाच्या मागं एक जागा घेतोय, पुढं दोन खोल्या आणि मागं पत्र्याचा शेड, आठ लूम बसतात. माझे सध्या भाड्याच्या शेडात सहा चालू आहेत, टॉवेलचं काम. सौदा 42 लाखाला ठरला, 3 लाख इसार दिला, नोटरी करून साठेखत (पुढं खरेदी करायचा करार) केलं. जागा एका सहकारी बँकेकडं तारण आहे, कर्जाची बाकी 27 लाख, खातं एनपीए म्हणजे थकीत, मालकाला सरफेसीची (कोर्टाशिवाय तारण जप्त करून विकायचा बँकेचा कायदा) 60 दिवसांची नोटीस पण आलीय. आता त्यांची बँक म्हणती आधी पैसे भरा मग ओरिजिनल कागद देतो, माझी बँक म्हणती आधी कागद दाखवा मग पैसे. शेवटी मधला मार्ग म्हणून माझ्या बँकेनं त्यांच्या नावे 27 लाखाची गॅरंटी काढून दिली, त्यात माझी 9 लाखाची एफडी अडकली आणि कमिशन कापलं ते वेगळंच. गॅरंटीत लिहिलंय की ओरिजिनल कागद हातात आले, मिळकत "सर्व वादांपासून मुक्त" असली आणि माझ्या नावे खरेदीखत नोंदलं गेलं तरच 7 दिवसांत पैसे देऊ. आणि नेमकं गेल्या महिन्यात मालकाच्या बहिणीनं वाटपाचा दावा टाकला, विक्री थांबवायला मनाईचा अर्ज पण आहे. एजंट रोज फोन करतोय की बँकेला सांगून ती वादाची अट काढून घ्या, बिनशर्त करा, समोरची बँक लगेच कागद सोडती. काय करू सांगा की ओ. बायकोचे दागिने मोडून ती एफडी केलेली आहे.

नवीपेठ_७७
एजंट बरोबर बोलतोय असं वाटतं, बँका उगाच अटी घालतात. काढून टाका आणि मोकळे व्हा, नाहीतर जागा लिलावात जाईल.

निवृत्त_शाखाधिकारी
काढू नका. वरच्या भावाचं ऐकू नका, मी 31 वर्षं बँकेत होतो, त्यातली बरीच वर्षं कर्जखात्यात, म्हणून कळकळीनं लिहितोय.

दादा, ही गॅरंटी तुमच्यासाठी नाहीय. पैसे मागायचा हक्क आहे समोरच्या बँकेला, आणि तुमची बँक ज्या दिवशी 27 लाख देईल त्याच दिवशी ते तुमच्या नावे टाकणार. गॅरंटी काढताना स्टॅम्पपेपरवर पानापानावर तुमच्या सह्या घेतल्या असतील बघा आठवून, ते काउंटर इंडेम्निटी, म्हणजे बँकेनं भरलेलं तुम्ही भरून देणार असं लिहून दिलेलं. बिनशर्त गॅरंटी म्हणजे समोरून मागणीपत्र आलं की बँक कारण विचारत नाही, देऊन मोकळी होते. तुम्ही कोर्टात धावलात तरी उघड फसवणूक किंवा भरूनच न येणारं नुकसान दाखवल्याशिवाय कोर्ट ते पेमेंट थांबवत नाही, आणि बहिणीनं दावा टाकलाय हे कारण त्यात बसणं अवघड. म्हणजे पैसे गेले, जागा दाव्यात, एफडी संपली, वर 18 लाखाचं कर्ज डोक्यावर. जी अट तुम्हाला नडतीय तीच आज तुमचे पैसे राखून बसलीय.

पण आहे तशी ती अट कामाची नाही हेही खरं. "सर्व वादांपासून मुक्त" हे ठरवायचं कुणी? समोरची बँक म्हणेल मुक्त आहे, तुमची म्हणेल नाही. सशर्त गॅरंटीत शब्दाला शब्द जुळावा लागतो. 1999 ची हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन विरुद्ध बिहार सरकार ही सुप्रीम कोर्टाची केस आहे, गॅरंटीत चीफ इंजिनिअरनं मागणी करायची असं होतं, मागणीपत्र पाठवलं एक्झिक्युटिव्ह इंजिनिअरनं, कोर्टानं ती मागणी धरली नाही. इतकं बारीक बघतात. म्हणून अट ठेवा पण ती एका कागदावर आणा, जो काउंटरवर ठेवला की क्लार्कला पण समजेल की अट पुरी झाली.

टॉवेल_पूर्वभाग
काका अंगावर काटा आला वाचून. मला वाटत होतं गॅरंटी आहे म्हणजे मी सेफ आहे. कागदावर आणा म्हणजे कुठल्या?

दिवाणी_वकील_सोलापूर
ते सांगतो, पण आधी एक सांगा, कर्ज कुणी काढलेलं? वडिलांनी का मुलानं? आणि जागा वडिलांनी स्वतः घेतलेली का आजोबांकडून आलेली?

टॉवेल_पूर्वभाग
वडिलांनी स्वतः घेतलेली वकीलसाहेब. 2016 ला 15 लाख वडिलांच्याच सहीनं. ते 2020 ला वारले, आई आधीच गेलेली. 2021 ला मुलानं एकट्याच्या सहीनं कर्जाची लिमिट वाढवून घेतली. बहिणी दोन आहेत, दावा धाकटीनं टाकलाय, थोरली हैदराबादला असती.

दिवाणी_वकील_सोलापूर
मग सगळी गाठ 2021 मधे आहे. वडिलांनी मृत्युपत्र केलं नसेल तर तिन्ही मुलांचा सारखा हिस्सा, प्रत्येकी एक तृतीयांश, मुलगी लग्न होऊन गेली म्हणून काही कमी होत नाही. वडिलांनी स्वतः तारण दिलेल्या कर्जाचा बोजा अख्ख्या जागेवर आहे, तो बहिणींच्या हिश्शाला पण लागतो. पण वडील गेल्यावर एका भावानं वाढवून घेतलेल्या रकमेला फार तर त्याचा स्वतःचा हिस्सा तारण राहील असं बहिणीचा वकील म्हणणार, आणि त्यात दम आहे. एकट्या भावाकडून खरेदीखत घेतलंत तर तुम्हाला एक तृतीयांशच मिळेल, आणि दावा चालू असताना घेतलेली जागा दाव्याच्या निकालाला बांधील राहते, टीपी अॅक्ट (मालमत्ता हस्तांतरण कायदा) कलम 52.

अजून दोन गोष्टी. सरफेसीची 13(2) ची, म्हणजे तीच 60 दिवसांची, नोटीस मिळाल्यावर कर्जदाराला बँकेच्या लेखी परवानगीशिवाय तारण मिळकत विकता येत नाही, कलम 13(13), ती परवानगी मालकाकडं आहे का बघा. आणि सहकारी बँकेला सरफेसी लागू नाही असं कुणी सांगितलं तर विसरा, मे 2020 ला सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं ते मिटवलंय. बहिणीचा दावा आहे म्हणून बँकेची कारवाई पण आपोआप थांबत नाही, लिलावाची जाहिरात निघायच्या आत पूर्ण रक्कम भरून जागा सोडवता येते, त्यामुळं दिवस मोजत रहा.

मार्ग एकच दिसतोय. दोन्ही बहिणींशी बोला, दावा टाकणारी एकटी नव्हे, दोघी. 42 मधून 27 गेले की 15 राहतात, त्यात त्यांचा वाटा किती ते तिघं भावंडं ठरवू देत. ठरलं की दावा लोकअदालतीत ठेवा, तिथं तडजोड झाली की तो निवाडा हुकूमनाम्यासारखाच, त्यावर अपील नाही आणि कोर्ट फी परत मिळते. खरेदीखतात दोघी विकणार म्हणून सह्या करतील. मग गॅरंटीतली अट अशी बदलून घ्या: "लोकअदालतीच्या निवाड्याची सर्टिफाईड नक्कल आणि तिन्ही वारसांच्या सहीचं नोंदणीकृत खरेदीखत हजर केल्यावर". आणि साठेखत नोटरीचं नको, नोंदवून घ्या, नोटरीचं साठेखत इंडेक्स टूला (नोंदणी कार्यालयातल्या व्यवहारांच्या सूचीत) दिसतच नाही, उद्या हीच जागा दुसऱ्याला दाखवली तर तुमच्या 3 लाखाचा माग कुठं काढणार.

होटगीरोड_ताई
मी बहिणीच्या बाजूनं लिहिते, कारण मी पण असाच दावा टाकला होता. मला जागा नको होती, भावानं विचारलं सुद्धा नाही, शेजारणीकडून कळलं की घर विकायला काढलंय. घरी जा त्यांच्या, एजंटला न्यायचं नाही.

टॉवेल_पूर्वभाग
अपडेट देतो. काल संध्याकाळी बायकोला घेऊन धाकट्या बहिणीकडं गेलो. आधी दारातच उभं केलं, मग चहा झाला. गॅरंटीचं पत्र दाखवलं, त्यांनी चष्मा लावून "27 लाख" वर बोट ठेवलं आणि म्हणाल्या अप्पांचं कर्ज तर 15 होतं, हे वरचं कुठून आलं. त्यांना 2021 चं काहीच माहीत नव्हतं. विकायला हरकत नाही, पण वरचे पैसे भावाच्या वाट्यातून जावेत म्हणतात. थोरलीशी व्हिडिओ कॉल लावून दिला, दोघी अर्धा तास बोलत बसल्या, आम्ही गप्प.

बँकेत पण गेलो, अट बदलून देतो म्हणाले, पण समोरच्या बँकेचं मान्यतेचं पत्र पाहिजे. तिथंच बघितलं तर गॅरंटीची मुदत याच महिन्याच्या 30 ला संपतीय, माझं लक्षच नव्हतं.

निवृत्त_शाखाधिकारी
मुदतवाढीचा अर्ज उद्याच द्या आणि पोच घ्या. मुदतवाढ आणि अटीतला बदल एकाच दुरुस्तीपत्रात मागा, नाहीतर कमिशन दोनदा लावतील. समोरच्या बँकेकडून 2016 आणि 2021 चा खातेउतारा वेगवेगळा मागून घ्या, बहिणींना आकडा दाखवायला लागेल.

टॉवेल_पूर्वभाग
उद्या अकराला जातो. उतारा मिळाला की इथं टाकतो.