मदत हवी आहे : भारतरत्नाची सुरुवातीची वर्षे
नमस्कार. भारतरत्न सन्मानाच्या सुरुवातीच्या वर्षांवर मी टिपण लिहीत आहे. २ जानेवारी १९५४ रोजी तो स्थापन झाला आणि त्याच वर्षी राजगोपालाचारी, राधाकृष्णन व चंद्रशेखर वेंकट रामन यांना मिळाला. मूळ नियमांत मरणोत्तर सन्मानाची तरतूद नव्हती, ती १९५५ मध्ये आली. मला विशेष ओढ आहे ती १९५८ ची, कारण त्या वर्षी वयाची शंभरी गाठलेल्या महर्षी धोंडो केशव कर्वे यांना भारतरत्न मिळाले आणि हिंगण्याच्या माळावर विधवांच्या शिक्षणासाठी त्यांनी उपसलेल्या कष्टांची देशाने दखल घेतली. त्या वेळच्या मराठी वृत्तपत्रांतील बातम्या वा अग्रलेख कोणाच्या संग्रही असल्यास, अथवा ते कोणत्या ग्रंथालयात पाहता येतील हे ठाऊक असल्यास, कृपया कळवावे.