ऑपरेटिंग सिस्टिमचा इतिहास युनिक्सपासूनच शिकवायचा का?

परभणीचा काका
पुतणी संभाजीनगरला इंजिनिअरिंगला आहे. दिवाळीत तिची वही चाळली. ऑपरेटिंग सिस्टिमचा इतिहास: 1969, अमेरिकेतली बेल लॅब, युनिक्स नावाची सिस्टिम. त्याआधीचं सगळं एका ओळीत, ‘बॅच प्रोसेसिंग होत असे’, म्हणजे कामं गठ्ठ्यानं चालवत. उमेदीची बारा वर्षं मी मुंबईत मेनफ्रेमपुढं, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या त्या अवजड संगणकापुढं काढली, ती त्या एका ओळीत उरकली!

माझं म्हणणं, ही आजा-पणजा वगळून लिहिलेली वंशावळ आहे. 1956 मध्ये जनरल मोटर्स आणि नॉर्थ अमेरिकन एव्हिएशनच्या लोकांनी आयबीएम 704 या संगणकासाठी जॉबमागून जॉब, म्हणजे एकेक काम, आपोआप घेणारी प्रणाली लिहिली. कारण साधं होतं, दोन जॉबच्या मधे ते महागडं मशीन रिकामं बसायचं. 1961 मध्ये एमआयटीत टाइम-शेअरिंग, म्हणजे एकच मशीन अनेकांनी एकाच वेळी वापरणं, चालवून दाखवलं. ती तर आपली पाणीपाळीच. कालवा एक, दार आळीपाळीनं. फक्त पाळी इतकी भराभर फिरते की प्रत्येकाला वाटतं पाणी आपल्याच रानात चालूय.

नांदेडी
काका, राग नका मानू, पण तुम्ही आठवणींना इतिहास म्हणायलात. आयबीएमच्या ओएस/360 या ऑपरेटिंग सिस्टिमचंच बघा. सिस्टिम/360 या मशीनची घोषणा एप्रिल 1964 ची, सिस्टिमचा पत्ता नाही. शेवटी गिऱ्हाइकाच्या हातात तात्पुरतं डॉस/360 टेकवलं. काम सांभाळणारे फ्रेड ब्रूक्स स्वतःच नंतर म्हणाले, उशीर झालेल्या कामावर माणसं वाढवली की आणखी उशीर होतो. जेसीएलला, म्हणजे जॉब कसा चालवायचा ते मशीनला सांगणाऱ्या भाषेला, तर त्यांनीच नावं ठेवली. असल्या गोष्टी पोरांना कशापायी शिकवायच्या?

परभणीचा काका
जेसीएलचं तू मला सांगू नको रे बाबा. एकदा डीडी कार्डावर, म्हणजे जॉबला कुठली फाइल लागते ते सांगणाऱ्या पंचकार्डावर, स्वल्पविरामानंतर माझ्याकडून एक जागा मोकळी सुटली. पुढचं सगळं मशीननं शेरा समजून सोडून दिलं, जॉब बाहेर. रात्रीची पाळी वाया, सकाळी साहेबांच्या शिव्या.

पण त्यातच शिकण्यासारखं आहे. ओएस/360 च्या एमएफटी या प्रकारात मेमरीचे तुकडे आधीच ठरलेले, भावकीत बांध घालून दिल्यासारखे. शेजारचा तुकडा पडीक असला तरी आपला मोठा जॉब तिथं शिरत नाही. मग एमव्हीटी हा दुसरा प्रकार आला, ज्याला लागेल तेवढी जागा. तर मधेमधे कुणाच्याच कामाच्या नाहीत अशा चिंधोट्या उरायला लागल्या. हे कळलं की विखुरलेली जागा प्रोग्रॅमला सलग भासवणारी व्हर्च्युअल मेमरी का लागली ते वेगळं सांगावं लागत नाही.

आणि नांदेडी, तू पुण्यात क्लाऊडवर काम करतोस ना? तुझी व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एकाच यंत्रात अनेक स्वतंत्र मशीन भासवणारी युक्ती, आयबीएमच्या केंब्रिजच्या केंद्रात 1960 च्या दशकातच चालत होती. 1972 ला तेच व्हीएम/370 म्हणून बाजारात आलं. प्रत्येकाला वाटावं विहीर आपली स्वतंत्र, खाली झरा एकच.

उदगीरकर
दोघंही आयबीएमभोवतीच फिरताय. बरोज कंपनीचं एमसीपी, तीही ऑपरेटिंग सिस्टिमच, 1961 चं, तेही मशीनच्या जवळच्या असेंब्ली भाषेत नाही, अल्गोल या वरच्या पातळीच्या भाषेच्या बोलीत लिहिलेलं. युनिक्स सी या भाषेत आलं 1973 ला. एमसीपी बरोजची वारस कंपनी युनिसिसकडं आजही जिवंत आहे.

नांदेडी
विहीर आणि झरा मान्य, काका. एमसीपीचं मला ठाऊक नव्हतं, तेही मान्य. पण युनिक्स कुठल्याही मशीनवर नेता आलं, म्हणून ते गावोगाव पोचलं. तुमचं मेनफ्रेम वाड्यातच राहिलं, दाराला कुलूप.

परभणीचा काका
कुलूप नंतर लागलं. 1969 पर्यंत आयबीएम सॉफ्टवेअरचे वेगळे पैसेच घेत नव्हती. शेअर नावाचा वापरकर्त्यांचा गट 1955 पासून प्रोग्रॅमची देवाणघेवाण करायचा. तुमच्या मोकळ्या सॉफ्टवेअरच्या (ओपन सोर्स) चळवळीआधीची गोष्ट आहे ही. आणि 24 बिटांच्या पत्त्यांचे, म्हणजे 16 एमबीत मावणारे जुने प्रोग्रॅम आयबीएम मेनफ्रेमच्या आजच्या झेड/ओएस या सिस्टिमवरही चालतात. तुझं दहा वर्षांपूर्वीचं ॲप आजच्या फोनवर चालतंय का बघ.

नांदेडी
ते नाही चालत. पण पोरांच्या हाताला काय लागणार? झेड/ओएस काय मोंढ्यात मिळतं का?

परभणीचा काका
झेड/ओएस नाही, पण त्याचं जुनं रूप एमव्हीएस 3.8 हर्क्युलिस एम्युलेटरवर, म्हणजे मेनफ्रेमची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, लॅपटॉपमध्ये चालतं. पुतणीला परवाच टाकून दिलं. पहिला जॉब स्वल्पविरामापाशीच अडला.

नांदेडी
बघा! मी काय म्हणत होतो?