मदत हवी आहे: छोट्या बेटावर १२ विद्यार्थ्यांना पक्षी कसे दाखवू?

नमस्कार मंडळी. वसंतातल्या स्थलांतराच्या दिवसांत बाहेरून आलेल्या १२ विद्यार्थ्यांना घेऊन एका छोट्या बेटावर जायचंय. रात्रभर समुद्रावरून उडत आलेले पर्णवटवटे (पानांत वावरणारे चिमुकले पक्षी) पहाटे दिसेल त्या झुडपात उतरतात. जेमतेम १० ग्रॅमचा जीव, अंगावरची चरबी संपत आलेली. कधीकधी माणूस जवळ गेला तरी उडत नाही. मुलांना वाटतं पक्षी धीट आहे, पण तो दमलेला असतो. म्हणून मोबाइलवर पक्ष्यांचा आवाज वाजवून पक्षी बोलवायचे नाहीत, हे पक्कं.

पण दुर्बिणी चारच आहेत. मुलांना एका झुडपापाशी बसवू की गट पाडून फिरवू? आणि पानाआड क्षणभर दिसलेला वटवट्या नवख्यांना कशावरून ओळखायला शिकवू, डोळ्यावरच्या पट्ट्यावरून की आवाजावरून? अनुभव असेल त्यांनी जरूर सांगा.