घरचा स्विमिंग पूल: गुडघ्यांसाठी व्यायाम आणि नातवाची भीती, दोन्ही कसं सांभाळायचं?

भायलीकर_६३
नमस्कार मंडळी. बडोद्यातलं दांडिया बाजारचं जुनं घर सोडून गेल्या दिवाळीत भायलीला आलो. मागच्या अंगणात आधीच्या मालकाने बांधलेला पूल आहे, २० बाय १० फूट, एका टोकाला साडेतीन आणि दुसरीकडे ५ फूट खोल. गुडघे गेलेत, डॉक्टर म्हणतात पाण्यात व्यायाम करा. पोहता येतं, लालबागच्या पूलला बरीच वर्षं जात होतो, पण इथे चार हात मारले की भिंत डोक्याला लागते. आणि मे महिन्यात ३ वर्षांचा नातू यायचाय पुण्याहून. बायको म्हणते बुजवा तो खड्डा आणि लिंबू लावा.

फिजिओताई
काका, पोहायलाच पाहिजे असं कुठंय? चाला की पाण्यात. कमरेइतक्या पाण्यात पायांवर वजन साधारण निम्मं येतं, छातीइतक्यात एक तृतीयांशच, म्हणून तर गुडघेवाल्यांना पाणी मानवतं. पुढे चाला, उलटं चाला, खेकड्यासारखं आडवं चाला, हात पाण्याखाली ठेवून ढकलत. सुरुवातीला १० मिनिटंच, कारण पाण्यात दमलेलं कळत नाही, बाहेर आल्यावर पाय लटपटतात. घड्याळातली नाडी बघून जोर ठरवू नका, पाण्यात ती जमिनीपेक्षा कमीच दिसते, बोलता येतंय ना एवढंच बघा. पोहायचंच असेल तर कमरेला पट्टा बांधून त्याचा लवचिक दोर काठाच्या पक्क्या हुकाला अडकवा, मग जागच्या जागी हवं तेवढं पोहा, भिंतीचा प्रश्नच नाही. आणि पाण्यातही घाम येतो बरं का, पाण्याची बाटली काठावर ठेवा. एकटं मात्र उतरायचं नाही, काकूंना खुर्ची टाकून बसवा, लिंबाचं नंतर बघू.

पंपवाला_वासणारोड
पूलची कामं करतो म्हणून सांगतो, माणसं पोहत असताना पूल तेवढा धोक्याचा नसतो, कोणी पोहत नसतं तेव्हा असतो. आमच्याच घरी आमरसाचं जेवण चाललं होतं, भाचा बॉल काढायला गेला, आवाज नाही, हाका नाही, काही नाही. पाणी आणायला उठलेल्या आत्याने बघितला म्हणून वाचला. तेव्हा चारही बाजूंनी किमान ४ फुटी जाळी, घराच्या बाजूनेसुद्धा, लोक नेमकी तीच सोडतात. दरवाजा आपोआप बंद होणारा आणि पूलच्या उलट बाजूला, बाहेर उघडणारा, कडी पोराचा हात पोचणार नाही इतकी वर. जाळीजवळ खुर्ची-कुंडी नको. बबलवालं तरंगतं कव्हर म्हणजे सेफ्टी नव्हे, पोर त्यावर पाय देतं आणि खाली जातं, वरून दिसतही नाही. खेळणी पाण्यात सोडू नका.

आता तळाचा ड्रेन. झाकण तुटकं असेल तर पंप चालू असताना केस नाहीतर हात ओढला जातो, घुमटासारखं झाकण बसवा आणि पंपाचा स्विच जवळच असू द्या. लाइट १२ व्होल्टचे आहेत का आणि लाइनवर ३० मिलिअँपचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच लाइन तोडणारा स्विच) आहे का, इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. क्लोरीन १ ते ३ पीपीएम (पाण्याच्या दहा लाख भागांत १ ते ३ भाग), पीएच ७.२ ते ७.८, मोजायचं किट मिळतं. क्लोरीनची पावडर पाण्यात टाकायची, पावडरवर पाणी कधीच नाही, आणि ॲसिडच्या कॅनशेजारी ठेवायची नाही.

भायलीकर_६३
बापरे, बबल कव्हरच ऑर्डर करणार होतो! अंगणाचा दरवाजा आत, पूलकडे उघडतो, म्हणजे बदलायला लागणार. नातवाला फुग्याचे हातपट्टे घालून चालेल का?

फिजिओताई
हातपट्टे निसटतात, हवाही जाते. घातले तरी मोठं माणूस हाताच्या अंतरावर पाण्यातच हवं आणि मोबाईल घरात. "सगळे बघतायत" म्हणजे कोणीच बघत नसतं, नाव घेऊन ड्युटी लावा. घरात दोघांनी तरी सीपीआर (छाती दाबून आणि तोंडाने श्वास देऊन जीव वाचवायचा प्रथमोपचार) शिकून घ्या. बुडालेला श्वास घेत नसेल तर आधी तोंडाने श्वास द्यायचे, मग छातीवर ३० दाब आणि २ श्वास असं चालू, दुसऱ्याने १०८ लावायचा. उलटं धरून, पोट दाबून पाणी काढत बसू नका.

भायलीकर_६३
बायकोला वाचून दाखवलं. जाळीला हो म्हणाली, लिंबू जाळीबाहेर लावणार म्हणते. आडवं चालून बघितलं आज ८ मिनिटं, शेजारचे गच्चीतून हसत होते.