क्राकूफला कोण कोण जाऊन आलंय?

लेकीला पोलंडमधल्या क्राकूफच्या याग्येलोनियन विद्यापीठात सोडून नुकतीच परतले. जे गेले असतील त्यांनी खाली आपापलं लिहा. वावेल राजवाड्याचे फोटो गूगलवर ढिगाने आहेत, ते नकोत.

माझं आधी. विद्यापीठ १३६४ सालचं. कोपर्निकस १४९१ मध्ये इथे दाखल झाला आणि पदवी न घेताच गेला, हे लेकीला मुद्दाम सांगितलं नाही! कॉलेजियम मायुस या जुन्या इमारतीच्या चौकात दुपारी एकला घड्याळाजवळचं दार उघडतं आणि राजा, राणी, पंडित अशी बाहुल्यांची दिंडी निघते. बघायला जमलेल्यांत शाळकरी पोरं कमी, आमच्यासारखे चाळिशीपुढचेच जास्त.

* * *

मारिया चर्चच्या उंच मनोऱ्यावरून दर तासाला तुतारी वाजते आणि सूर मध्येच तुटतो. मला वाटलं, वाजवणाऱ्याला ठसका लागला. दंतकथा अशी की तातार हल्ल्याचा इशारा देताना पहारेकऱ्याच्या घशात बाण घुसला, म्हणून धून आजही तिथेच थांबते. चारही दिशांना वाजवतात. खालून हात केला तर वरून वाजवणाराही हात हलवतो.

* * *

शाकाहाऱ्यांसाठी: स्वस्त जेवण 'बार म्लेच्नी'त (साधी खाणावळ). पिएरोगी म्हणजे न तळता उकडलेली करंजी. 'रुस्किए' मागितली की आत बटाटा आणि चक्क्यासारखं चीज. निवांत दोन खाल्ल्या, तिसरीवरचा 'तळलेला कांदा' कुरकुरीत लागला. डुकराच्या चरबीचे तुकडे! 'बेझ मिएंसा' (मांस नको) एवढ्याने भागत नाही, 'बेझ स्क्वारेक' (चरबीचे तुकडे नकोत) असंही सांगायचं.

* * *

ट्रॅमचं तिकीट नुसतं काढू नका, आत चढल्यावर यंत्रात ठसवा. मी खिशात जपून ठेवलं आणि दंड भरला.

* * *

विद्यापीठाच्या कॉलेजियम नोव्हुम या इमारतीजवळून जाणार असाल तर जरा थांबा. ६ नोव्हेंबर १९३९ रोजी व्याख्यानाच्या नावाखाली प्राध्यापकांना इथे बोलावून नाझींनी १८०हून अधिक जणांना पकडलं आणि बहुतेकांना छळछावणीत पाठवलं. काही तिथेच दगावले. आम्ही दाराशी पोचलो तेव्हा पायऱ्यांवर मुलं सँडविच खात बसली होती.

* * *

मी कोल्हापूरचा. १९४३ ते ४८ आमच्या वळिवड्यात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, आजीने त्यांच्या गोष्टी सांगितलेल्या. त्यामुळे 'कोल्हापूर' म्हटलं की कुणीतरी गळ्यात पडेल अशी खात्री होती. चार दिवस ज्याला-त्याला सांगत सुटलो, एकालाही ठाऊक नाही. शेवटी हॉटेलवाल्या पोराने फोनवर शोधलं, वाचलं आणि विचारलं, "तिकडे थंडी किती असते?"